रक्त का गोठेना

"म्याडम, हात काढला की परत येतंय. म्हणून काढलाच नाही."

जाधव सिस्टर माझ्या ओपीडीच्या दारात अवघडून उभ्या होत्या. शेजारी एक तरुण आई, तिच्या खांद्याशी दीड महिन्याची मुलगी, आणि सिस्टरचा अंगठा त्या मुलीच्या मांडीवर घट्ट दाबलेला. येरमाळ्याच्या पलीकडच्या गावापासून आमच्या दवाखान्यापर्यंत त्या जीपमध्ये तशाच वाकून बसून आल्या होत्या. अंगठ्याखालचा कापूस लाल होता. कापसाखालचं फडकंही लाल होतं.

मी सरकारी दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ आहे. जाधव सिस्टर एका उपकेंद्रावर एएनएम आहेत, म्हणजे गावातल्या गरोदर बायकांची तपासणी आणि लहान मुलांचं लसीकरण बघणाऱ्या नर्स. त्या दिवशी सकाळी गावात लसीकरण होतं. या बाळाची दीड महिन्याची लस होती. मांडीत सुई, एक थेंब रक्त, वर कापूस, बाळ रडतं, आई पाजते, संपलं. सिस्टरनी हे इतक्यांदा केलंय की त्या झोपेतही करू शकतील. यावेळी मात्र बाळ घरी गेलं आणि तासाभरात आजी त्याला परत घेऊन आली. लंगोट आणि दुपटं दोन्ही भिजलेलं. सुईची जागा टाचणीच्या टोकाएवढी. त्यातून रक्त पाझरतंय ते पाझरतंयच.

मी बाळाला टेबलावर घेतलं आणि मांडीकडं न बघता आधी टाळूवर बोटं ठेवली.

"डोक्याला काय झालं न्हाय म्याडम, मांडीला झालंय," आजी म्हणाल्या. त्यांचं नाव कौसाबाई. बाळाच्या वडिलांची आई.

"माहितेय मावशी. पण बघू द्या."

रक्त न गोठणाऱ्या बाळाच्या मांडीची आम्हाला तितकी भीती नसते. मांडी दाबून धरता येते. कवटीच्या आत रक्त सुटलं तर दाबून धरायला काहीच नसतं. आत रक्तस्राव झाला की टाळू फुगते, ताठ होते, बाळ पेंगुळतं, दूध ओढत नाही. ही टाळू मऊ होती. पोरगी तर अख्खा दवाखाना डोक्यावर घेऊन रडत होती. इतकं जोरदार रडणं ऐकून मला बरं वाटलं.

मग अंगावर बघितलं. पाठीवर एक निळसर डाग. कौसाबाई म्हणाल्या, तेल लावताना बोट जोरात लागलं असेल. आई, सारिका, हळूच म्हणाली, "परवा नाकातून पण थोडं आलं होतं. रुमालाला लागलं."

"नख लागलं असंल," कौसाबाई म्हणाल्या. "लेकरं नखं मारून घेत्यात. म्याडम, लेकरू चांगलं खेळत होतं. सुई टोचली अन् असं झालं. यांना इचारा काय टोचलं ते."

'यांना' म्हणजे जाधव सिस्टरना. त्यांचा अंगठा अजून मांडीवरच होता.

बाळाचे वडील दत्ता दाराबाहेर फोनवर बोलत होते. हायवेवरच्या एका हॉटेलात ते काम करतात. आत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. "गावात सगळे म्हणायलेत, आमच्या पोरांना आता लस न्हाय द्यायची. सकाळी ज्यांनी दिली ते बी घाबरलेत."

म्हणजे मांडीवरच्या त्या टाचणीएवढ्या जागेवर आता अख्खं गाव टांगलेलं होतं.

लस चुकीची दिली असेल, असं मला वाटत नव्हतं. सुई कशीही दिली तरी रक्त इतका वेळ वाहत नाही. निरोगी बाळाचं रक्त अशी जागा काही मिनिटांत आपणच बुजवतं. इथं बुजत नव्हती. पाठीवरचा डाग आणि नाकातलं रक्त तर लसीच्या आधीचं होतं. म्हणजे रक्तच गोठत नव्हतं. सुईनं फक्त ते बाहेर यायला वाट करून दिली होती. पण का गोठत नव्हतं?

दोन नळ्यांत सॅम्पल घेऊन लॅबला पाठवलं. थोड्या वेळानं आमच्या लॅबच्या शेखभाईंचा फोन आला.

"म्याडम, प्लेटलेट एकदम नॉर्मल. पण दुसरं सॅम्पल गोठतच नाहीये. मशीन वाट बघून बघून बंद पडतंय. नळी खराब असेल. परत पाठवा."

मी सॅम्पल परत घेतलं. आणि एका साध्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन स्वतःच हातात धरून उभी राहिले. ही जुनी पद्धत आहे. नळी हाताच्या उबेत धरायची आणि मधून मधून तिरकी करून बघायची. चांगलं रक्त दहाएक मिनिटांत जेलीसारखं घट्ट होतं. हे रक्त मी तिरकं केलं की पाण्यासारखं ओघळत होतं. परत सरळ, परत तिरकं. तरी ओघळतंय. सिस्टर, सारिका, दत्ता, सगळे त्या नळीकडं बघत उभे होते.

शेखभाईंचा फोन. "म्याडम, नळी चांगली होती. रक्तच असं आहे."

इथं थोडं समजावून सांगते. शेताच्या पाइपला भोक पडलं तर आपण ते बुजवतो. नुसते खडे टाकून भागत नाही. खड्यांच्या फटीत सिमेंट लागतं. रक्तात खडे म्हणजे प्लेटलेट. त्या भरपूर होत्या. सिमेंट म्हणजे यकृतात तयार होणारी काही प्रथिनं. तीही असतात, पण कोरड्या सिमेंटसारखी. पाणी घातल्याशिवाय ती धरत नाहीत. ते पाणी म्हणजे व्हिटॅमिन के.

मोठ्या माणसाला ते पालेभाजीतून मिळतं. थोडं आतड्यातले जंतूही करतात. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्याकडं याचा साठा जवळजवळ नसतो. नाळेतून फार कमी जातं. आईच्या दुधात बाळाला लागणारं बाकी सगळं असतं, पण हे एक अगदी थोडं. म्हणून बाळ जन्मलं की मांडीत त्याचं एक छोटं इंजेक्शन देतात. बऱ्याच आईबापांना ते दिल्याचं आठवतही नाही, कारण त्यानंतर काहीच घडत नाही. ज्याचं काम काहीच न घडू देणं असतं, त्याची आठवण कोण ठेवणार?

ते इंजेक्शन राहून गेलं तर काही बाळांना पहिल्या आठवड्यात रक्तस्राव होतो. काहींना महिना-दीड महिन्यानं, सगळं सुरळीत चाललेलं असताना. अंगावरचं दूध पिणारं, चांगलं बाळसं धरलेलं, असंच बाळ असतं ते. आधी नाकातून किंवा बेंबीतून जरासं रक्त येतं. लोक म्हणतात नख लागलं. पुढचा रक्तस्राव डोक्यात झाला तर नशिबाच्या गोष्टी.

चित्र तंतोतंत जुळत होतं. मी व्हिटॅमिन के मागवलं आणि शिरेतून अगदी हळू दिलं. मांडीत दिलं असतं तर तिथून आणखी एक धार लागली असती. लागलाच तर प्लाझ्माही ब्लड बँकेतून मागवून ठेवला. बाळाला वॉर्डमध्ये घेतलं. मांडीवर दाबून पट्टी बांधली आणि सिस्टरना म्हटलं, "आता काढा अंगठा." त्यांनी काढला. अंगठा पांढराफटक पडला होता आणि त्यांना तो सरळ करता येत नव्हता.

मग मी सारिकाला विचारलं, "बाळंतपण कुठं झालं?"

"तालुक्याला. खाजगी दवाखान्यात."

"जन्मल्यावर बाळाला सुई दिली नसणार. राहून गेली असेल."

"दिली होती की," सारिका म्हणाली.

"ती बीसीजीची असेल. हातावरची."

"न्हाय म्याडम. हातावरची येगळी. ही मांडीत. उजव्या. म्या इचारलं कशाची म्हणून. तिथल्या सिस्टर म्हणल्या, रक्त गोठायची. म्या तेव्हा घाबरले होते, म्हणलं रक्त गोठलं तर लेकरू मरंल की. त्या हसल्या. मग समजावून सांगितलं."

असं उत्तर कोणी बनवून सांगत नाही. सारिका बारावी झालेली, बोलायला लाजरी, पण एकदा सांगायला लागली की बारीकसारीक सगळं सांगणारी. तरी मी बाळाचं कार्ड बघितलं आणि त्या प्रसूतिगृहाला फोन लावला. तिथले डॉक्टर सुरुवातीलाच चिडले.

"आमच्याकडं प्रत्येक बाळाला देतात. प्रत्येक."

"मी आरोप करत नाही, डॉक्टर. विचारतेय."

"ब्लीडिंग झालं की सगळे आधी आमच्याकडंच बोट दाखवतात. कार्डवर लिहिलंय, बघा."

"कार्ड बघितलं. कार्डापेक्षाही मला आईचं बोलणं जास्त पटतंय. तीही म्हणते, दिलं."

"मग फोन कशाला केला?"

"दिलं असेल तर ब्लीडिंग का झालं, हे तुम्हाला काही सुचतंय का, म्हणून."

त्यांना सुचलं नाही. खरं तर त्या वेळी मलाही सुचत नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत पट्टी कोरडी झाली. शेखभाईंनी नवं सॅम्पल लावलं आणि स्वतः जिना चढून वॉर्डमध्ये आले. "म्याडम, गोठलं!" त्यांच्या हातात नळी होती. ती त्यांनी दत्ताला तिरकी करून दाखवली. रक्त जागचं हललं नाही. दत्तानं ती नळी नमस्कार करावा तशी कपाळापाशी नेली आणि मग काय करावं न कळून शेखभाईंना परत दिली.

सगळे खूश होते. आमचे अधीक्षक, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, तेही वॉर्डमध्ये आले. लसीनंतर बाळाला असा त्रास झाला की वर कळवावं लागतं, चौकशी होते. दुपारपासून त्यांना फोनवर फोन येत होते.

"थांबलं ना ब्लीडिंग?" सर म्हणाले.

"हो सर."

"व्हिटॅमिन केनं थांबलं ना?"

"हो."

"झालं तर. लसीचा दोष नाही. जन्मताना व्हिटॅमिन के दिलं नव्हतं. एक ओळ लिहा आणि उद्या डिस्चार्ज करा. गावातही हेच सांगू."

"पण सर, दिलं होतं."

"कोण म्हणतं?"

"आई म्हणते. कार्डवरही लिहिलंय."

"आयांना काय आठवतं? आणि कार्डवर सगळ्यांच्याच लिहितात." सर वाईट माणूस नाहीत. ते फक्त फोनला कंटाळले होते. "हे बघा, औषध दिलं, गुण आला. तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"दिलेलं औषध गेलं कुठं, ते पाहिजे."

सरांनी घड्याळ बघितलं. "उद्या दुपारपर्यंत," म्हणाले आणि फोन कानाला लावून निघून गेले.

घरी जाऊनही माझ्या डोक्यात तेच. जन्मताना दिलेलं इंजेक्शन बहुतेक बाळांना पुरतं. त्याच्या जोरावर पहिले काही आठवडे निघतात, तोवर दुधातून थोडं थोडं मिळत राहतं, आतड्यातले जंतू कामाला लागतात. या बाळाचा साठा संपला होता आणि नवीन भरला जात नव्हता. दूध तर पोटभर पीत होती. मग दुधातलं थोडंसं व्हिटॅमिन के पोटात जाऊन रक्तात का येत नव्हतं?

व्हिटॅमिन के पाण्यात विरघळत नाही. चरबीत विरघळतं. दुधातली साय पचली तरच ते अंगी लागतं. आणि साय पचायला पित्त लागतं. इथं येऊन मी थांबले. उत्तर जवळजवळ हातात होतं. पण बाळाला उजेडात बघितल्याशिवाय ते खरं मानायची माझी तयारी नव्हती.

सकाळी वॉर्डमध्ये गेले तर कौसाबाई बाळाला घेऊन व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या. पायांवर बाळ आडवं घेतलेलं. मी शेजारी बसले. आदल्या दिवशी वॉर्डच्या ट्यूबलाइटखाली ही पोरगी सतत रडत होती, डोळे घट्ट मिटलेले. आता शांत होती. तिनं उन्हाकडं मान वळवली आणि डोळे उघडले. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता. हळदीचं पाणी लागल्यासारखा पिवळसर होता.

"मावशी, बाळाचा रंग जन्मल्यापासून असाच का?"

"व्हय. गोरी हाय. तिच्या आजोळाकडं सगळे गोरे."

"कावीळ झाली होती का?"

"पहिल्या आठवड्यात जरा पिवळी दिसत होती. समद्याच लेकरांना होती की. ऊन दाखवलं. गेली थोडी."

"आणि शी कशी होते?"

कौसाबाईंना या प्रश्नाचं नवल वाटलं. "चांगली होती. पांढरी सफेत. निव्वळ दूध पितीय ना, दुसरं काय न्हाय पोटात."

"आणि सू?"

उत्तर सारिकानं दिलं. ती दारात येऊन उभी होती. "लंगोटाला डाग पडतो म्याडम. पिवळा. धुतला तरी जात न्हाय. मला वाटलं पाणी कमी पडतंय."

पांढरी शी, पिवळी लघवी, पिवळे डोळे, आणि न गोठणारं रक्त. मी म्हटलं, "आता शी झाली की लंगोट टाकू नका. मला बोलवा."

पित्त यकृतात तयार होतं आणि बारीक नळ्यांतून आतड्यात उतरतं. शीला पिवळा-हिरवा रंग येतो तो त्या पित्तामुळं. दुधामुळं शी पांढरी होत नाही. कुठल्याच बाळाची होत नाही. शी पांढरी याचा अर्थ पित्त आतड्यात पोचत नाही. ते अडून रक्तात पसरतं, म्हणून डोळे पिवळे, लघवी पिवळी; तान्ह्या बाळाची लघवी एरवी पाण्यासारखी असते. आणि पित्त नाही म्हणून साय पचत नाही, साय पचत नाही म्हणून व्हिटॅमिन के अंगी लागत नाही. जन्मताना दिलेलं इंजेक्शन संपेपर्यंत हे सगळं झाकलेलं राहिलं. ते संपलं आणि रक्तानं बोलायला सुरुवात केली.

या नळ्या काही बाळांत आपोआप बंद होत जातात. त्याला बिलियरी अ‍ॅट्रेशिया म्हणतात. का होतं, हे आजही नीट कळलेलं नाही. आईच्या खाण्यापिण्याचा किंवा कुणाच्या चुकीचा त्यात संबंध नाही. त्यावर उपाय एकच. बंद नळ्या काढून आतड्याचाच एक भाग वर नेऊन थेट यकृताला जोडायचा. पण ते लवकर करावं लागतं. बाळ दोन महिन्यांच्या आसपास असतानाच. उशीर झाला की यकृत कडक होत जातं आणि मग ऑपरेशनचा उपयोग होत नाही. ही पोरगी दीड महिन्याची होती. आणि सरांच्या हिशोबानं दुपारी डिस्चार्ज.

मी काविळीची तपासणी पाठवली. कावीळ दोन प्रकारची असते. पहिल्या आठवड्यातली साधी कावीळ एक आणि पित्त अडल्याची दुसरी. रिपोर्ट दुसऱ्या प्रकारचा आला. मग बाळाला थोडा वेळ उपाशी ठेवून सोनोग्राफी केली. आमचे सोनोग्राफीचे डॉक्टर बराच वेळ प्रोब फिरवत राहिले. "मॅडम, पित्ताशय सापडत नाहीये. नुसती एक बारीक रेघ दिसतेय. मी शंभर टक्के म्हणणार नाही."

"म्हणू नका. संशय आहे एवढं लिहा. मला पुढं पाठवायला तेवढं पुरे."

अवघड काम यापुढं होतं. दत्ताला मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्याडम, तुमचे लई उपकार हायत. पण रक्त थांबलं. पोरगी हसायली. अन् तुम्ही म्हणता पुण्याला नेऊन पोट फाडायचं?"

"हो."

"कामून? दुखतंय का तिला? दूध पीत न्हाय का? वजन बघा तिचं."

त्यांचं काही चुकत नव्हतं. हा आजार असाच फसवतो. बाळ छान दिसतं. ज्या बाळाचं सगळं सुरळीत दिसतंय त्याला टेबलावर झोपवा, हे आईबापाला सांगणं फार कठीण असतं. मी यकृताचं चित्र काढून दाखवलं. दत्तानं चित्राकडं बघितलं, पण त्यांचं लक्ष चित्रात नव्हतं.

तेवढ्यात सारिका लंगोट घेऊन आली. शी झाली होती. पांढुरकी, पिठल्यासारखी नाही तर खडूच्या भुकटीत पाणी घातल्यासारखी.

मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हटलं, "ताई, तुमच्या बाळाचा लंगोट द्याल का जरा?" ती गडबडली. लंगोट मागणारी डॉक्टर तिनं आधी पाहिली नसावी. पण दिला. मी दोन्ही लंगोट व्हरांड्यात नेले आणि कठड्यावर उन्हात शेजारी शेजारी पसरले. एकावर मोहरीसारखी पिवळीधमक शी. दुसऱ्यावर खडू.

"मावशी, ते बाळ पण नुसतं आईचं दूध पितं."

कौसाबाई दोन्हीकडं बघत राहिल्या. वाकून जवळून बघितलं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि दत्ताला म्हणाल्या, "म्या तुला वाढवलं, तुझ्या बहिणींना वाढवलं. तुमची पिवळीच असायची. मला कसं ध्यानात आलं न्हाय?"

"अगं आई, पण ऑपरेशन..."

"म्याडम," सारिका मध्येच म्हणाली. तोपर्यंत ती सासू आणि नवऱ्यापुढं फारशी बोलली नव्हती. "न्हाय नेलं तर काय होईल?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही. नेलं तरी ऑपरेशन दर वेळी यशस्वी होतंच असं नाही, हेही सांगितलं. काही मुलांना पुढं यकृत बदलावं लागतं. पण आत्ता नेलं तर संधी चांगली आहे. महिनाभरानं नेलं तर तीही राहणार नाही.

सारिकानं बाळाला खांद्यावर घेतलं. "आजच जायचं," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली नाही. नुसती म्हणाली. दत्तानं तिच्याकडं बघितलं आणि हॉटेलमालकाला रजेसाठी फोन लावायला बाहेर गेले.

दुपारी सर आले. मी म्हटलं, "सर, डिस्चार्ज नाही. पुण्याला रेफर."

त्यांनी रिपोर्ट वाचला. पुन्हा वाचला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू कमी झाल्या. "म्हणजे लसीचा दोष नाही, प्रसूतिगृहाचाही नाही."

"नाही."

"आणि मी म्हटलं तसं पाठवून दिलं असतं तर..." अ‍ॅम्ब्युलन्सला फोन त्यांनी स्वतः लावला. पुण्याच्या दवाखान्यात ओळखीच्या डॉक्टरांशीही तेच बोलले. वाटेत रक्ताचा धोका नको म्हणून निघायच्या आधी मी बाळाला व्हिटॅमिन केचा आणखी एक डोस दिला.

मग मी त्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आमच्याकडून राहिलं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं. उलट तुम्ही दिलं नसतं तर कदाचित हे बाळ मला भेटलंच नसतं. कुठल्या तरी दिवशी डोक्यात रक्तस्राव झाला असता."

"आमच्या सिस्टरना सांगतो," ते म्हणाले. आवाज पार बदलला होता. "कालपासून जेवल्या नाहीत त्या."

पुण्यात पुढच्या तपासण्या झाल्या आणि निदान पक्कं झालं. ऑपरेशन झालं. मला अधूनमधून दत्ताचा फोन यायचा. बोलणं थोडक्यात असायचं. "आयसीयूत हाय." "बाहेर आणली." "दूध सुरू केलं." आणि मग एका सकाळी ओपीडीच्या गर्दीत फोन वाजला. पलीकडून कौसाबाई ओरडत होत्या. त्यांना फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही असं वाटतं.

"म्याडम! हिरवी झाली! आज हिरवी शी झाली!"

माझ्यासमोर बसलेल्या माणसाला काही कळेना, डॉक्टर फोनवर हिरव्या शीचं ऐकून एवढ्या का हसायला लागल्या. मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला वेळ नव्हता.

पोरीचं नाव त्यांनी ईश्वरी ठेवलं. कावीळ उतरायला बरेच महिने लागले. आता ती चालते, वॉर्डमधल्या नर्सच्या गळ्यातली ओळखपत्रं ओढते. चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं तिला वेगळी द्यावी लागतात, व्हिटॅमिन के त्यातच आलं. पुण्याला तपासणीला जावं लागतं. पुढं काय होईल, हे मी छातीठोक सांगणार नाही. आत्ता तिचं यकृत काम करतंय, एवढं खरं.

गावातल्या लसीकरणाचं काय झालं, ते जाधव सिस्टरनी सांगितलं. पुढच्या महिन्यात सत्र लावलं तेव्हा सुरुवातीला कोणीच आलं नाही. सिस्टर एकट्याच टेबल मांडून बसलेल्या. मग कौसाबाई आल्या आणि सिस्टरच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना त्यांनी हाक मारून थांबवलं. त्या म्हणत होत्या, "सुईनं काय बिघडवलं न्हाय. आत बिघडलं होतं ते सुईनं दाखवलं. या इकडं, आधी लेकराची शी कशी होती ते सांगा." लेकरांना लस टोचून घ्यायला आलेल्या बायका आधी कौसाबाईंना शीचा रंग सांगायच्या आणि मग सिस्टरपुढं लेकराची मांडी उघडी करायच्या. सिस्टरनी हे मला तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण त्या हसत होत्या.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले. औषध लागू पडलं म्हणजे कारण सापडलं असं नाही. औषधानं रक्त थांबतं, प्रश्न थांबत नाही. आणि तुमच्या घरात तान्हं बाळ असेल तर त्याचा लंगोट एकदा उजेडात धरून बघा. शी पांढरी दिसली तर कुणी दुधाचा रंग म्हणालं तरी ऐकू नका, सरळ दवाखान्यात या.

माझ्याकडं आता कुठलंही तान्हं बाळ आलं की मी नाव विचारायच्या आधी शीचा रंग विचारते. आईबाप नाक मुरडतात. मुरडू देत.